कुत्र्या-मांजरांची नित्य आरोग्यनिगा

माणसाच्या सहवासात सर्वांत आधी आलेला प्राणी म्हणजे कुत्रा होय. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीच्या उत्खननात माणसांच्या दफनांबरोबर कुत्र्यांचीही दफने आढळली आहेत. मांजर त्यामानाने उशिरा आले. पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यावर धान्याच्या साठ्यांभोवती उंदीर जमू लागले आणि उंदरांच्या मागोमाग रानमांजर माणसाच्या वस्तीला लागले. हजारो वर्षांच्या या सहवासातही एक गोष्ट मात्र बदललेली नाही. आपल्याला काय होते आहे हे या प्राण्यांना सांगता येत नाही. शिवाय आजार लपविण्याकडेच त्यांचा कल असतो. रानात दुबळा दिसणारा प्राणी शत्रूच्या नजरेत चटकन भरतो. त्यामुळे दुखणे अंगावर काढण्याची ही जुनी सवय घरातील सुरक्षित वातावरणातही सुटलेली नाही. मांजरात ती विशेष आढळते.

याचा परिणाम असा होतो, की पाळणाऱ्याला आजार दिसू लागतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो. पशुवैद्याकडे अत्यवस्थ स्थितीत आणल्या जाणाऱ्या कित्येक प्राण्यांचा रोग मुळातच टाळता येण्याजोगा असतो. म्हणून या प्रकरणात रोगांच्या उपचारांचा विचार केलेला नाही. निरोगी प्राणी निरोगी राहावा यासाठी घरच्या माणसांनी नित्य काय करावे, एवढाच येथील विषय आहे. ही कामे अवघड नाहीत आणि फारशी खर्चाचीही नाहीत. मात्र ती नियमाने व्हावी लागतात. त्यांपैकी एक काम, म्हणजे रेबीजची लस, केवळ त्या प्राण्याच्याच नव्हे तर माणसांच्याही जिवाशी निगडित आहे.

निरोगी प्राण्याची ओळख

आजार ओळखण्यासाठी आधी आरोग्य ओळखता आले पाहिजे. प्राणी धडधाकट असताना त्याची पाहणी केली, तरच पुढे झालेला बदल लक्षात येतो. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या दिवशी, दहा मिनिटे यासाठी द्यावीत. लहानपणापासून सवय लावली तर प्राणी विरोध करीत नाही आणि पशुवैद्याच्या टेबलावरही शांत उभा राहतो.

पाहणीचा आरंभ तोंडापासून करावा. निरोगी प्राण्याच्या हिरड्या गुलाबी व ओलसर असतात. हिरडीवर बोटाने क्षणभर दाब दिला तर ती जागा पांढरी पडते आणि बोट काढताच दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या फिक्या दिसल्यास रक्त कमी झाल्याचा, पिवळ्या दिसल्यास काविळीचा संशय घ्यावा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात. अशा वेळी खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडली असता ती लगेच जागेवर बसली पाहिजे. ती सावकाश बसू लागली तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे.

डोळे स्वच्छ असावेत, कानांना दुर्गंधी नसावी. बरगड्या हाताला लागाव्यात, पण नजरेला दिसू नयेत. बरगड्या चाचपडूनही सापडत नसतील तर प्राणी लठ्ठ झाला आहे. लठ्ठपणा हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानण्याची रूढी माणसाप्रमाणेच प्राण्यालाही महागात पडते. सांधे, हृदय आणि स्वादुपिंड यांवर त्याचा भार येतो.

तापाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. नाक कोरडे असले म्हणजे ताप आहे, असे मानले जाते. वस्तुतः निरोगी कुत्र्याचे नाकही झोपेनंतर किंवा उन्हात कोरडे पडते. ताप पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तापमापक. त्याच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात हलकेच सरकवावे. कुत्र्या-मांजरांचे शरीर माणसापेक्षा उष्ण असते. सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्यांचे स्वाभाविक तापमान होय. माणसाच्या हिशेबाने पाहणाऱ्याला निरोगी कुत्राही तापाने फणफणला आहे असे वाटेल! विश्रांतीच्या वेळी कुत्र्याचा श्वास मिनिटास साधारणतः तिसाच्या आत असतो. मांजराने तोंड उघडे ठेवून धापा टाकणे ही मात्र चिंतेची बाब आहे. कुत्र्यात नित्य दिसणारी ही गोष्ट मांजरात क्वचितच स्वाभाविक असते.

आहार

कुत्रा आणि मांजर दोघेही मांसाहारी गटातले असले तरी त्यांच्या पचनात मोठा फरक आहे. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढलेला कुत्रा पिष्टमय अन्न पचवायला शिकला. लांडग्याच्या तुलनेने कुत्र्यामध्ये पिष्ट पचविणाऱ्या पाचकद्रव्याच्या जनुकाच्या प्रती अधिक असतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे भात, भाकरी किंवा पोळी कुत्र्याला चालते. मात्र तिच्या जोडीला अंडी, मांस, मासे, दही, पनीर यांसारखी प्रथिने पुरेशी हवीत. शाकाहारी कुटुंबात कुत्रा वाढविणे अशक्य नाही, पण त्याच्या आहाराची आखणी पशुवैद्याच्या सल्ल्याने करावी. केवळ दूध-पोळीवर वाढलेल्या पिलाची हाडे कच्ची राहतात व पाय वाकतात.

मांजराची गोष्ट वेगळी आहे. ते पूर्णतः मांसावर अवलंबून असलेले जनावर आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस, मासळी व प्राण्यांच्या इतर अवयवांतूनच मिळवावे लागते. टॉरीन कमी पडल्यास मांजराचा दृष्टिपटल झिजतो व ते आंधळे होते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. त्याच कमतरतेमुळे मांजराचे हृदय सैल व मोठे होते, हे १९८७ मध्ये कळून आले. गाजरासारख्या भाज्यांतील रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ बनविण्याची शक्तीही मांजरात नाही. आपल्याकडे मांजराला वाटीभर दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी देण्याची प्रथा आहे. पूर्वीचे मांजर त्यावर जगत होते असे वाटते खरे, परंतु ते जगत होते अंगणातील उंदरांवर आणि पाखरांवर! आज इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बंद दाराआड राहणाऱ्या मांजराला तो मार्ग उरलेला नाही. ज्यांना घरात मासे-मांस आणणे जमत नाही, त्यांनी मांजरासाठी तयार केलेले परिपूर्ण खाद्य वापरावे. तेही पटत नसेल तर मांजर न पाळणे हेच त्या प्राण्याच्या दृष्टीने न्यायाचे होईल. दुधाविषयी सांगायचे, तर मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना व कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही आणि त्यांना हगवण लागते. प्यायला स्वच्छ पाणी हेच खरे.

पिलांना तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खायला द्यावे. कांदा व लसूण यांनी दोन्ही प्राण्यांच्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट हे कुत्र्याला विषच आहे. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चावताना त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात व ते अन्नमार्गात रुततात, म्हणून ताटातील हाडे कुत्र्यापुढे टाकू नयेत.

लसीकरण : एकच टोचणी पुरेशी का नसते?

नवजात पिलाला पहिले संरक्षण मिळते ते आईच्या चिकातून. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसाच्या दुधात आईच्या रक्तातील प्रतिपिंडे असतात आणि ती पिलाच्या आतड्यातून रक्तात जातात. ही उसनी शक्ती काही आठवडेच टिकते. ती टिकून असेपर्यंत मात्र ती लसीलाही निष्फळ करते, कारण आईची प्रतिपिंडे लसीतील विषाणूलाही शत्रूच समजतात. एखाद्या पिलात ही शक्ती सहाव्या आठवड्यात संपते, तर दुसऱ्यात सोळाव्यापर्यंत रेंगाळते. ती नेमकी केव्हा संपेल हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देऊन पुढे दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. शेवटची मात्रा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर दिलेली असली पाहिजे. ‘एक टोचून झाली, आता पुरे’ म्हणून थांबणाऱ्यांची पिले नेमकी या मधल्या काळात सापडतात. वर्षभराने पुन्हा एक मात्रा आणि त्यानंतर लसीच्या प्रकारानुसार दर वर्षी किंवा तीन वर्षांनी, असा क्रम ठेवावा.

कुत्र्याला या लशींमुळे प्रामुख्याने डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य यकृतदाह आणि लेप्टोस्पायरोसिस यांपासून संरक्षण मिळते. डिस्टेंपरचा आरंभ सर्दी-खोकल्यासारखा होतो. डोळ्यांतून व नाकातून घट्ट स्राव येतो, ताप चढतो आणि रोग मेंदूपर्यंत पोचला की झटके येऊ लागतात. यातून वाचलेल्या कुत्र्याचे स्नायू कित्येकदा जन्मभर उडत राहतात. पार्व्हो हा रोग १९७८ पूर्वी ओळखीचा नव्हता. त्या वर्षी तो दिसून आला आणि अवघ्या दोन वर्षांत जगभर पसरला. उलट्या आणि रक्तमिश्रित, अत्यंत दुर्गंधीयुक्त हगवण ही त्याची लक्षणे होत. लहान पिलू दोन-तीन दिवसांतच दगावू शकते. त्याचा विषाणू अतिशय चिवट असतो. मातीत व फरशीच्या भेगांत तो महिनोन्‌महिने टिकतो आणि साबणाने मरत नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाने मात्र तो नष्ट होतो. ज्या घरात पार्व्होने पिलू गेले, तेथे लसीकरण पूर्ण झाल्याशिवाय दुसरे पिलू आणू नये.

मांजराला होणारा पॅनल्युकोपेनिया हा पार्व्होचाच सख्खा भाऊ म्हणावा असा रोग आहे. त्याविरुद्ध व मांजरांच्या सर्दीच्या दोन विषाणूंविरुद्ध एकत्रित लस मिळते. तिचाही क्रम वरीलप्रमाणेच असतो. घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला लस कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की हा विषाणू आपल्या चपलांबरोबर घरात येऊ शकतो.

लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. म्हणून ती बर्फावर ठेवून आणलेली असावी आणि प्राणी निरोगी असतानाच टोचावी.

रेबीज

रेबीज म्हणजेच अलर्करोग याचे स्थान या सर्वांहून वेगळे आहे. इतर रोगांत प्राणी दगावतो, येथे प्राण्याबरोबर माणूसही दगावतो. लक्षणे दिसू लागल्यानंतर या रोगावर खात्रीचा इलाज आजही नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मृत्युमुखी पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेक सर्व मृत्यू आशिया व आफ्रिका या खंडांतील असून त्यांत भारताचा वाटा मोठा आहे. माणसाला हा रोग होतो तो शंभरापैकी नव्याण्णव वेळा कुत्र्यापासून. बळी पडणाऱ्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण फार मोठे आहे.

पाळीव कुत्र्याला व मांजराला तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस द्यावी, वर्षभराने ती पुन्हा द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगेल त्या अंतराने ती आयुष्यभर चालू ठेवावी. अनेक शहरांत महानगरपालिका या लसीच्या दाखल्यावाचून कुत्र्याचा परवाना देत नाहीत. मांजराला रेबीज होत नाही, ही समजूत चुकीची व धोक्याची आहे.

पिसाळलेला कुत्रा म्हटला की धावून येणारे, लाळ गाळणारे जनावर डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु या रोगाचे दुसरे, मुके रूपही असते. त्यात कुत्रा चावत नाही. तो कोपऱ्यात बसून राहतो, त्याचा आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबू लागतो आणि त्याला गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे असे समजून घरातले कोणी प्रेमाने त्याच्या तोंडात हात घालते आणि येथेच घात होतो. कुत्र्याला पाण्याची भीती वाटलीच पाहिजे असेही नाही. जलसंत्रास हे मुख्यतः माणसातील लक्षण आहे. तेव्हा स्वभावात एकाएकी बदल झालेल्या व गिळू न शकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला वेगळे बांधून पशुवैद्याला बोलवावे.

कुत्रा किंवा मांजर चावल्यास, अगदी नखाने ओरखडल्यासही, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. नंतर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील, या भीतीने अजूनही काही लोक मागे राहतात. ती पद्धत कसौली येथे १९११ मध्ये तयार झालेल्या सेम्पलच्या लसीची होती आणि २००५ च्या सुमारास ती लस आपल्या देशात वापरातून गेली. आजची लस दंडात, ठरलेल्या मोजक्या दिवशी दिली जाते. जखमेतून रक्त आले असल्यास लसीच्या जोडीला जखमेतच प्रतिपिंडांचे औषध भरावे लागते. चावणारे जनावर ओळखीचे असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात, पण त्या निकालाची वाट पाहत लस लांबणीवर टाकू नये.

कुत्र्यांना लस दिली तर माणसांचे मृत्यू थांबतात काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. गोव्यात २०१३ पासून पाळीव व मोकाट अशा दोन्ही कुत्र्यांचे सामुदायिक लसीकरण हाती घेण्यात आले. त्याच्या जोडीला शाळांतून शिक्षण आणि संशयित कुत्र्यांची तपासणीही सुरू झाली. काही वर्षांतच कुत्र्यांमधील रोगाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले आणि २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. एखाद्या भागातील सुमारे सत्तर टक्के कुत्री लसीने सुरक्षित झाली की रोगाची साखळी तुटते. या सत्तरांत पाळीव कुत्रा धरला जाणे हे तर प्रत्येक पाळणाऱ्याच्या हाती आहे.

जंत

पिलू जन्माला येते तेच बहुधा जंत घेऊन. कुतरीच्या स्नायूंत सुप्तावस्थेत असलेल्या गोलकृमींच्या अळ्या गर्भारपणात जाग्या होतात व गर्भाशयातूनच पिलांच्या शरीरात जातात. अंकुशकृमी दुधातून जातात. नगाऱ्यासारखे फुगलेले पोट आणि निस्तेज कातडी असलेले पिलू खाऊन-पिऊन सुदृढ झाले आहे असे समजू नये. ते जंतांनी भरलेले असते. कुत्र्याच्या पिलांना दुसऱ्या व मांजराच्या पिलांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवड्यांचे होईपर्यंत, जंतांचे औषध द्यावे. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून पिलाचे वजन करूनच औषध घ्यावे.

यातही माणसाचा संबंध येतो. विष्ठेतून पडलेली गोलकृमींची अंडी मातीत कित्येक महिने जिवंत राहतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून कुत्र्याची विष्ठा ज्याची त्याने उचलावी. कुत्र्याला खाटकाकडील कच्ची आतडी किंवा फुप्फुसे घालू नयेत. त्यांतून येणाऱ्या एका पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. मांजराच्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला संसर्गक्षम होण्यास निदान एक दिवस लागतो. तेव्हा मांजराच्या मातीचे तबक रोज स्वच्छ केल्यास हा धोका बराच टळतो. घरात गर्भवती स्त्री असल्यास हे काम दुसऱ्याने करावे. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

गोचीड आणि पिसवा

आपल्या उष्ण हवामानात कुत्र्याचा खरा वैरी म्हणजे तपकिरी गोचीड. ती केवळ रक्त पीत नाही, तर रक्तात राहणारे सूक्ष्म परजीवी एका कुत्र्यातून दुसऱ्यात नेते. गोचीडताप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारांत ताप येतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, तर कधी लघवी काळपट होते. वेळेवर उपचार झाल्यास कुत्रा वाचतो.

गोचिडींचे निर्मूलन का फसते, हे समजण्यासाठी त्यांचे जीवनचक्र पाहावे लागते. रक्त पिऊन टंच झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत, खाटेच्या खोबणीत किंवा पायपुसण्याखाली शिरते आणि हजारो अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी कुत्र्यावर चढून रक्त पिते, पुन्हा खाली पडून कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत पुन्हा चढते. असे तीनदा घडते. म्हणजे कोणत्याही क्षणी कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी या घरात दडलेल्या गोचिडींचा अल्पसा भाग असतात. केवळ कुत्रा धुऊन त्या जात नाहीत. कुत्र्यावरील औषधाबरोबरच भेगा बुजविणे, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढणे आणि झोपण्याच्या जागेवर फवारणी करणे या गोष्टी एकाच वेळी व काही महिने सातत्याने कराव्या लागतात. फवारणीच्या वेळी प्राणी दूर ठेवावेत.

अंगावरील गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. घासलेट लावण्याचा घरगुती उपाय कटाक्षाने टाळावा. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यास ते पोटात जाते. कुत्र्यासाठी असलेली काही औषधे, विशेषतः परमेथ्रिन असलेली, मांजराच्या प्राणावर बेतू शकतात. कुत्र्याचे उरलेले औषध मांजराला कधीही लावू नये. पिसवांमधूनही एक पट्टकृमी पसरतो, म्हणून जंतांचा व पिसवांचा बंदोबस्त एकाच वेळी करावा.

दात, कान, नखे व स्नान

मोठ्या कुत्र्याला ४२ व मांजराला ३० दात असतात. दातांच्या मुळाशी साचणारे पिवळे कीटण हिरड्या सुजवते आणि पुढे दात हलू लागतात. प्राण्यांसाठी बनविलेल्या पेस्टने व मऊ ब्रशने शक्यतो रोज दात घासावेत. माणसाची पेस्ट वापरू नये, कारण प्राण्यांना चूळ भरता येत नाही. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान पावसाळ्यात विशेष जपावेत. काडी आत घालू नये. कुत्र्याला महिन्यातून एकदा स्नान पुरते. मांजर आपली स्वच्छता आपणच राखते. फिनेलने पुसलेल्या फरशीवर मांजर चालते व नंतर पंजे चाटते. फिनेलमधील द्रव्ये मांजराला बाधतात, तेव्हा फरशी नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यावी.

ऋतुमान

कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या गाद्यांना. उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी फिरविलेला किंवा बंद मोटारीत ठेवलेला कुत्रा थोड्याच वेळात उष्माघाताने कोसळू शकतो. चपट्या नाकाचे पग आणि दाट केसांचे हिमप्रदेशातील कुत्रे यांना हा धोका सर्वाधिक. मुधोळ, राजपालयम, रामपूर या देशी जाती आपल्या हवेला रुळलेल्या असतानाही हिमप्रदेशातील कुत्रे मैदानी शहरांत हौसेने आणले जातात, ही खेदाची गोष्ट आहे. उष्माघात झाल्यास कुत्र्याला सावलीत घ्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच अवस्थेत दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस दरवर्षी, पाऊस लागण्यापूर्वी द्यावी. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरून अनेक कुत्री पळतात व वाट चुकतात. त्या दिवसांत प्राण्याला आतल्या खोलीत ठेवावे आणि त्याच्या गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक असावा.

निर्बीजीकरण

कुतरी साधारणतः सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांनी विते. मांजर तर पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते. ज्यांना पिलांची सोय लावता येणार नाही, त्यांनी वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी. वाढत्या वयात गर्भाशयात पू होणे हा कुतरीचा जीवघेणा आजार यामुळे टळतो आणि स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. एकदा तरी पिले झालीच पाहिजेत, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.

घरातील औषधे आणि विलंब

प्रेमापोटी दिलेल्या माणसाच्या गोळ्यांनी प्राणी मरतात, ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागते. पॅरासिटामॉलचे विघटन करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात नाही. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना इजा करतात.

काही प्रसंगी उद्याची वाट पाहू नये. बोका पुन्हापुन्हा तबकात बसून कुंथतो आहे पण लघवी होत नाही, हे बद्धकोष्ठ समजून सोडून देऊ नये. मूत्रमार्ग बंद झाला असल्यास तो एक-दोन दिवसांत मरतो. मांजराने दोन दिवस अन्न टाकले, पिलाला रक्ताची हगवण लागली, श्वासास त्रास होऊ लागला, पोट एकाएकी फुगले किंवा झटका आला, तर लगेच पशुवैद्य गाठावा.

वर्षाचा क्रम व नोंदवही

प्रत्येक प्राण्यासाठी एक लहानशी वही ठेवावी. तीत जन्मतारीख, वजन, लशींचे दिनांक, जंतांच्या औषधाचे दिनांक, माजाचे व प्रसूतीचे दिनांक आणि आजारांची नोंद असावी. वर्षाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

रोज : स्वच्छ पाणी, मोजका आहार, व्यायाम, मांजराच्या तबकाची स्वच्छता, दातांची निगा.
दर आठवड्याला : हिरड्या, डोळे, कान, कातडी व पंजे यांची पाहणी, गोचिडींचा शोध.
दर महिन्याला : वजन, गोचीड-पिसवांचे औषध, नखे तपासणे.
दर तीन महिन्यांनी : जंतांचे औषध.
दर वर्षी : पशुवैद्याकडून संपूर्ण तपासणी, रेबीज व इतर लशींचा आढावा. वयाच्या सात वर्षांनंतर ही तपासणी वर्षातून दोनदा करावी.

ही वही पशुवैद्याकडे जाताना बरोबर न्यावी. घर बदलले किंवा गाव बदलले तरी नवा पशुवैद्य तीवरून प्राण्याचा सारा इतिहास वाचू शकतो. अमुक दिवसापासून खाणे घटले, अमुक महिन्यात वजन अर्ध्या किलोने उतरले, एवढी माहितीही निदानाला पुष्कळ मदत करते. मुक्या प्राण्याची तक्रार डॉक्टरांपर्यंत पोचते ती त्याला रोज पाहणाऱ्या माणसामार्फतच, आणि ही वही त्या माणसाच्या स्मरणाला आधार देते.